तिसरी चावी

त्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. म्हणजे मुळात होती; घर बांधणाऱ्याने काही कसूर केली नव्हती. पण म्हातारी लग्न होऊन त्या घरात आली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याने स्क्रू ड्रायव्हर घेऊन एकेक कडी काढली, सगळ्या एका डब्यात भरल्या आणि डबा माळ्यावर टाकला. 'आपल्या घरात कुणी कुणापासून दार लावायचं नाही,' असं त्याचं म्हणणं. ऐकायला काय गोड वाटतं. स्क्रूची भोकं त्याने रंगाऱ्याची लांबी भरून बुजवली, वर रंग दिला आणि पुढे सत्तावीस वर्षं, मरेपर्यंत, वाटेल तेव्हा वाटेल त्या खोलीत जाऊन तो वाटेल त्याला मारत असे. न्हाणीघरसुद्धा त्यातून सुटलं नव्हतं.

तो मेला त्याला वीस वर्षं झाली. कड्या माळ्यावरच राहिल्या. घरात मारणारा दुसरा तयार झाला होता. खाण तशी माती.

पंधरा दिवसांपूर्वी म्हातारीची सून लेकीला घेऊन आतल्या खोलीत शिरली आणि कडी नाही म्हणून दार हाताने धरून उभी राहिली. नवऱ्याने, म्हणजे म्हातारीच्या लेकाने, बाहेरून लाथ घातली. दार उघडलं, परत आपटलं, पुन्हा लाथ बसली, आणि दार नि चौकट यांच्यामध्ये सुनेचा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. म्हातारी त्या वेळी स्वयंपाकघरात होती. तिने काय केलं, तर नळ पूर्ण सोडला. पाण्याचा आवाज मोठा असला की बाकीचं कमी ऐकू येतं, ही तिची जुनी युक्ती. स्वतः मार खायची तेव्हा शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून शिकलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्यांना अशा बऱ्याच युक्त्या येतात.

पण या वेळी शेजाऱ्यांनी ऐकलं. पोलीस आले, लेकाला घेऊन गेले, आठवड्याने सोडलं आणि या घराच्या आसपास फिरकायचं नाही असा हुकूम त्याच्या हाती दिला. घर म्हातारीच्या नावावर. कोर्टाचे कागद घेऊन आलेल्या बाईने विचारलं, ''आजी, तुमची हरकत नाही ना?'' म्हातारीने सही केली. मग सुनेने, प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून, कुलूपवाल्याला फोन केला. बैल गेला नि झोपा केला, असं म्हातारीच्या मनात आलं. पण बैल परत येणार होता हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कुलूपवाला सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेनऊला आला. पन्नाशीचा, ढेरपोट्या, कानावर पेन्सिल. सगळी दारं त्याने एकदा उघडून-मिटून पाहिली, जुने पितळी नॉब हलवून पाहिले. सगळे पडायला आलेल्या दातांसारखे डुगडुगत होते. नंतर लांबीने बुजवलेल्या भोकांवरून त्याने अंगठा फिरवला. सगळ्या दारांवर, एकाच उंचीवर.

''किती दारं?'' एवढंच म्हणाला.

''चार,'' सून म्हणाली. ''लेकीची खोली, माझी, न्हाणीघर आणि मुख्य दार. आई, तुमच्या खोलीला?''

''मला नको. मला कोण काय करणार?''

''मुख्य दार शेवटी करतो,'' कुलूपवाला म्हणाला. ''आतून बाहेर काम करत यायचं, ही आपली पद्धत. नाहीतर मीच दहा वेळा बाहेर अडकतो.''

पद्धत चांगली होती. फक्त त्या घरासाठी उलटी होती, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

नातीच्या खोलीपासून सुरुवात झाली. आठ वर्षांची नात पलंगावर पाय वर घेऊन बघत बसली. कुलूपवाल्याने नॉब काढला, दाराच्या जाडीत पटाशीने खाच घेतली आणि तिथे पोलादी लॉक बसवलं. आतल्या बाजूला फिरवायची खुंटी, बाहेरच्या बाजूला चावीचं भोक. खुंटी फिरवली की बोटाएवढा जाड दांडा चौकटीत दोन बोटं आत जायचा.

''बाळ, फिरव बघू.''

नातीने फिरवली. खट्ट. उलटी फिरवली. पुन्हा खट्ट. असं तिने बारा-पंधरा वेळा केलं आणि तिला कुणी थांबवलं नाही.

''हे लॉक लाथेने तुटेल?'' सुनेने हळूच विचारलं.

''हँडल तुटेल. वरची पट्टी निघेल. दांडा नाही हलायचा. आणि दार जुनं आहे, भरीव लाकडाचं. आजकालच्या पुठ्ठ्याच्या दारांसारखं नाही.'' त्याने भुसा फुंकला. ''ताई, लॉक चोरासाठी नसतंच. चोर खिडकीतून येतो. लॉक असतं ओळखीच्या माणसासाठी.''

म्हातारी दारात उभी होती. तिला ते बोलणं झोंबलं, कारण खरं होतं.

कंपनीच्या पाकिटातून तीन चाव्या निघाल्या. कुलूपवाल्याने त्या हातावर तोलून नाक मुरडलं. ''पातळ पितळ. लॉक चांगलं देतात आणि चावीत काटकसर करतात. आजी, जपून वापरा. पूर्ण आत गेल्याशिवाय फिरवायची नाही. अर्धी घालून जोर लावलात तर मटकन तुटते आणि टोक आत अडकून बसतं. मग बाहेरून तुम्ही काय, मीही उघडू शकत नाही. ड्रिलने कोरून काढायला तास जातो.''

''माझ्या हाताला कसला जोर?'' म्हातारी म्हणाली. हे मात्र खोटं होतं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिने तीस वर्षं चादरी पिळल्या होत्या. तिची मनगटं अजूनही एखाद्या गवंड्यासारखी होती.

सुनेने एक चावी आपल्या गळ्यातल्या दोरीत ओवली. दुसरी कपाटात ठेवली. तिसरी धरून ती क्षणभर उभी राहिली.

''आई, ही तुमच्याकडे असू दे. कधी लेक एकटी आत अडकली तर,'' ती म्हणाली. 'त्याला मात्र देऊ नका,' हे ती बोलली नाही. म्हातारीला ते न बोलताच कळलं. तिने चावी घेऊन स्वेटरच्या खिशात टाकली आणि तिला फार अपमान झाल्यासारखं वाटलं. त्याहून जास्त, आपल्यावर एवढा विश्वास टाकायला नको होता असं वाटलं.

अकराच्या सुमाराला तिचा फोन वाजला. लेक होता. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली.

''आई, जेवलीस?''

बस, एवढ्यानेच ती विरघळली. पंधरा दिवस तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता. आईचं काळीज म्हणून लोक ज्याची वाहवा करतात, त्याच्यासारखं बिनअकलेचं दुसरं काही नसेल.

''मित्राच्या घरी जमिनीवर झोपतोय,'' तो म्हणाला. ''अंगावर एकच शर्ट आहे. कपडे घ्यायला दोन मिनिटं येतो. जुनी चावी आहे माझ्याकडे.''

''नको रे येऊस. आणि ती चावी आता चालायची नाही. कुलूपवाला आलाय, सगळं बदलतोय.''

लेकाने लगेच विचारलं,

''मुख्य दाराचंही?''

''ते शेवटी करणार म्हणाला.''

फोन बंद झाला. आपण काय बोलून बसलो हे म्हातारीला भांडं विसळता विसळता कळलं. तिने सुनेला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे फोन उचलला हे कबूल करायचं. नाही येणार तो, हुकूम आहे ना, असं स्वतःला समजावत तिने ते भांडं तीनदा विसळलं.

साडेबाराला कुलूपवाला मुख्य दारापाशी पोचला. जुनं लॉक त्याने बाहेर काढलं. दोन-अडीच किलोंचा लोखंडाचा ठोकळा होता तो, म्हातारीच्या लग्नाच्याही आधीचा. त्याने तो बाजूला ठेवला. दारात आता मुठीएवढं भोक होतं आणि त्यातून जिन्याचा उजेड आत येत होता. तो गुडघ्यावर बसून भोकाची कड घासत होता, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. त्याला वाटलं शेजारी असतील.

लेकाने दार इतक्या जोरात ढकललं की त्याची कड कुलूपवाल्याच्या कपाळावर बसली. तो मागे पडला आणि उठायच्या आत लेकाने त्याच्या तोंडावर लाथ मारली, मग दुसरी बरगड्यांत. कुलूपवाला कुशीवर वळला आणि पडून राहिला. कानावरची पेन्सिल घरंगळत म्हातारीच्या पायाशी आली. कपाळातून एवढं रक्त येतं हे म्हातारीला माहीत होतं, तरी तिला ते पाहवेना.

''कुठे आहे ती?''

सुनेने आवाज ऐकला होता. ती लेकीला काखोटीला मारून खोलीत शिरत होती. लेक बोळातून धावला. त्याची बोटं दाराच्या कडेला लागली, पण एका हाताच्या बाईने खांद्याने दार लोटलं आणि आतून खट्ट आवाज आला.

त्या घरात त्याच्या तोंडावर बंद झालेलं ते पहिलं दार. तो दोन क्षण त्याच्याकडे नुसता बघत राहिला. मग त्याने लाथा घातल्या. दार हललं नाही. तो मागे आला, कुलूपवाल्याच्या पेटीतून हातोडा घेतला आणि हँडलवर घाव घालायला लागला. तिसऱ्या घावाला हँडल उडालं. पट्टी वाकली. लाकडाच्या ढलप्या निघाल्या. दांडा जागचा हलला नाही. आत सून फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होती, आकडे मोठ्याने, दोन-दोनदा. पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि ती ओरडली, ''दहा मिनिटं? दहा मिनिटांत तो मारून टाकेल आम्हाला.''

ते लेकाने ऐकलं. त्याने हातोडा खाली केला आणि आईकडे वळला. घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. खरंच एकच शर्ट असावा.

''आई, तू सांग पोरीला उघडायला. तुझं ऐकते ती.'' आवाज एकदम मऊ झाला. ''सांग, बाबा रागावले नाहीत. बाहेर ये, संपलं सगळं.''

हे शब्द त्याचे नव्हतेच, म्हातारीचे होते. ही खोली तेव्हा त्याची होती. बाप दारू न पिता, शुद्धीत, पट्टा घेऊन यायचा आणि हा आठ वर्षांचा पोर दाराला पाठ लावून, पाय पलंगाला टेकवून बसायचा. कडी नव्हती, म्हणून स्वतःच कडी व्हायचा. बाप दार मोडेल, मग आणखी मारेल, या भीतीने ती दारापाशी जाऊन गोड आवाजात म्हणायची, 'बाळा, सरक. बाबा रागावले नाहीत. बाहेर ये, संपलं सगळं.' आणि तो सरकायचा. एकदा नाही, दोनदा नाही. दर वेळी तो तिच्यावर विश्वास ठेवून सरकायचा.

ती दाराजवळ गेली. तोंडात ते शब्द सवयीने आलेही होते.

''बाळा,'' ती म्हणाली. ''उघडू नकोस. मी सांगितलं तरी उघडू नकोस.''

लेकाने तिच्या मुस्कटात मारली. तिचा चष्मा उडाला, डोकं भिंतीवर आपटलं आणि तोंडात खारट चव आली. त्याने तिला गळपट्टीला धरून सरळ केलं.

''चावी कुणाकडे आहे?''

तिने हात स्वेटरच्या खिशावर दाबला.

''आई, चावी बाहेरून लागते. भोक दिसतंय मला. तुझ्याकडे असणार. ती मूर्ख आहे, तुला देणारच.'' त्याने हातोडा तिच्या खांद्यावर टेकवला, अजून मारला नव्हता. ''काढ.''

''देते,'' म्हातारी म्हणाली. ''तुला नाही जमायची. नवी आहे, अडकते. मी उघडते.''

तो मागे सरकला. आई उघडते म्हणाली की आई उघडते, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

म्हातारीने खिशातून चावी काढली. चष्मा नव्हता, म्हणून भोक बोटाने चाचपलं. आत नात हुंदके देत होती. तो आवाज दाराच्या अगदी तळाशी येत होता, म्हणजे पोर दाराला पाठ लावून बसली होती. म्हातारीने चावी अर्धी आत घातली. मग दोन्ही हातांनी चावीचं डोकं पकडलं आणि चादर पिळतात तशी, तीस वर्षांचा सगळा जोर लावून, पिळली. पितळ वाकलं. तिने उलट्या बाजूला पिळलं. मटकन आवाज झाला आणि चावीचं डोकं तिच्या मुठीत आलं.

''काय झालं?''

''तुटली,'' ती म्हणाली. कपाची कड उडाल्यावर सांगावं तसं.

त्याने वाकून पाहिलं. भोकात पितळ गच्च बसलं होतं. मग त्याने तिची मूठ धरली आणि उघडेना म्हणून चौकटीवर आपटली. पहिल्या आपट्याला करंगळी गेली, दुसऱ्याला तिच्या शेजारचं बोट. तिने मूठ उघडली नाही. आता उघडून उपयोगही नव्हता, पण तिला ती उघडायची नव्हती. त्याने हातोडा मारला तो खांद्याच्या हाडावर. ती दाराला घासत खाली आली आणि बसली तशीच बसली, पाठ दाराला लावून, पाय समोर ताणून.

''तू बापाच्या वेळी कुठे होतीस?'' तो ओरडत होता. रडतही होता. ''तेव्हा कुठे होतीस तू?''

''दाराबाहेर,'' ती म्हणाली. ''चुकलं माझं.''

त्याने हातोडा पुन्हा उचलला. ती डोळे मिटणार नव्हती; त्याचा बाप मारायचा तेव्हा ती मिटायची आणि त्याने काही फरक पडत नसे. म्हणून तिला दिसलं. रक्ताने माखलेला कुलूपवाला बोळात भिंत धरून उभा होता आणि त्याच्या दोन्ही हातांत मुख्य दाराचं जुनं लॉक होतं. त्याने ते लेकाच्या गुडघ्यामागे घातलं आणि तो कोसळल्यावर हातोड्याच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज म्हातारीने ओळखला. कुलूपवाला लेकाच्या पाठीवर सगळ्या ढेरीनिशी बसला आणि धापा टाकत म्हणाला, ''आजी, हलू नका. खांदा गेलाय तुमचा.''

लेक जमिनीवर गाल टेकून पडला होता, तिच्यापासून हातभर अंतरावर. तिने धड हात लांब करून त्याच्या केसांवर ठेवला. तिला त्याचा राग येत नव्हता असं नाही. पण आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला काढून फेकायचं?

पोलीस आले ते दहा नाही, चौदा मिनिटांनी. त्यांनी दार ठोकलं, नाव सांगितलं, मग आत खुंटी फिरली. त्या घरात दार आतल्या माणसाच्या मर्जीने उघडलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. म्हातारी त्याला टेकून बसली होती, म्हणून सुनेने ते अगदी हळू उघडलं आणि मोडक्या हाताने तिचं डोकं धरलं.

लेक तुरुंगात गेला. म्हातारीने साक्ष दिली. फोनवर आपणच सांगितलं होतं, हे तिने आधी सुनेला सांगितलं. सून दोन दिवस तिच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी चमचा घेऊन तिला भरवायला बसली. दोघींत मिळून दोन धड हात होते, एक उजवा, एक डावा. भांडण परवडण्यासारखं नव्हतं.

महिन्याने कुलूपवाला राहिलेलं काम करायला आला; तोवर मुख्य दाराच्या भोकावर फळी ठोकून भागवलं होतं. कपाळावर अकरा टाक्यांची खूण. मुख्य दार झालं, नातीच्या खोलीचं लॉक नवं बसलं. पेटी आवरताना तो थांबला, कारण म्हातारी आपल्या खोलीच्या दारात उभी होती.

''याला पण लाव,'' ती म्हणाली.

त्याने पेन्सिल कानावरून काढली.

तो गेल्यावर म्हातारी खोलीत गेली. भर दुपार होती. तिने दार लोटलं, खुंटी फिरवली, खट्ट आवाज ऐकला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, या घरातल्या सत्तेचाळीस वर्षांत, तिने दार पहिल्यांदा आतून लावलं होतं. दांडा चौकटीत दोन बोटं गेलेला होता. तरी ती खाली बसली आणि पाठ दाराला लावली. मग ती रडली, मोठ्याने, नळ न सोडता.

बऱ्याच वेळाने बाहेरून हँडल हललं. दार उघडलं नाही. मग बोटाच्या पेराने दोनदा टकटक झाली.

''आजी,'' नात म्हणाली, ''आत येऊ का?''

या घरात तिला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. दार धरून ती उठायला लागली.